रणात सापडलेलं विमान

“मी इथंच बसते, वैजू. तू जा. काय सांगतात ते ऐकून ये,” आई म्हणाली.

रेवदंड्याच्या एसटी स्टँडवर सिमेंटचा एक बाक होता, त्यावर ती बसली होती. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात. आम्ही मिरजेहून आदल्या दिवशी निघालो होतो. पुण्याला मामाकडे मुक्काम, पहाटे पनवेलची गाडी, मग अलिबाग, मग ही. एवढा प्रवास करून शेवटच्या दहा मिनिटांच्या चालीला तिचे पाय अडले होते.

“आई, त्यांनी तुला बोलावलंय. तुझं नाव घालून कार्ड लिहिलंय.”

“म्हणूनच.”

“म्हणजे?”

“त्या बाईला साहेबासमोर मला विचारायचं असणार. विचारू दे, तिचा हक्क आहे. पण माझ्याच्यानं ऐकवणार नाही.”

काय विचारतील, ते मला माहीत होतं. सोळा वर्षं आमच्या घरात तो प्रश्न कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, पण तो कधी गेलाही नव्हता.

माझा थोरला भाऊ, फ्लाइट लेफ्टनंट श्रीरंग डफळे, एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बर विमान चालवत होता. त्या विमानात दोघंच असायचे, चालवणारा दादा आणि वाट दाखवणारा नॅव्हिगेटर. दादाचा नॅव्हिगेटर म्हणजे रेवदंड्याचा रूबेन आष्टमकर, पंचवीस वर्षांचा, बेने इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातला. शनिवारी तेलघाणा बंद ठेवत म्हणून आपल्याकडे ज्यांना पूर्वी शनिवार तेली म्हणत, त्यांच्यातला. दादाच्या पत्रांत त्याचं नाव इतक्या वेळा यायचं की आम्हाला तो घरातलाच वाटायचा, पण भेट कधी झाली नव्हती. डिसेंबरातल्या एका मोहिमेवरून परतताना त्यांचा एक निरोप आला, ‘मार बसलाय, घरी येतोय.’ त्यानंतर काहीच नाही. विमान मिळालं नाही आणि माणसंही मिळाली नाहीत. कागदावर दोघं ‘बेपत्ता’ झाले.

महिनाभरानं सामान न्यायला आम्हाला पुण्याला बोलावलं. वडील होते आणि मी होते. रूबेनचे वडील एकटेच आले होते. टेबलावर दोन ट्रंका शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. तिथले एक अधिकारी, बिचारे आमचं सांत्वन करायचं म्हणून बोलून गेले, “श्रीरंगच्या बाबतीत आशा ठेवायला जागा आहे. पायलटच्या खुर्चीला मूठ असते. ओढली की खुर्चीसकट माणूस बाहेर फेकला जातो आणि छत्री उघडते.”

रूबेनच्या वडिलांनी विचारलं, “आणि माझ्या मुलाला?”

त्या अधिकाऱ्यानं मान खाली घातली. या जातीच्या विमानात नॅव्हिगेटरला तशी खुर्ची नव्हती. त्यानं पाठीवर पॅराशूट बांधून बाजूच्या दारातून स्वतः उडी मारायची.

रूबेनच्या वडिलांनी आमच्या वडिलांकडे पाहिलं. आपली ट्रंक उचलून गेले. त्या दिवसापासून दोन्ही घरांचं बोलणं नाही की पत्र नाही.

दादा जिवंत असेल तर त्यानं मूठ ओढली असेल. आणि त्यानं मूठ ओढली असेल तर रूबेनला विमानात सोडून ओढली असेल. आमच्या घराची आशा या एका गाठीत अडकली होती. तीन-चार वर्षांनी वडील गेले, ते हीच गाठ घेऊन. आईनं ती पुढं सांभाळली.

आणि आता, अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत, हवाई दलाचं पत्र आलं होतं. दुष्काळानं कच्छचं रण नेहमीपेक्षा जास्त आटलं होतं. तिथं पाहणी करणाऱ्या एका तुकडीला चिखलात रुतलेलं विमान सापडलं. क्रमांक जुळला. ‘मानवी अवशेषही मिळाले आहेत, तपशील अधिकारी समक्ष येऊन सांगतील,’ असं लिहिलं होतं. किती जणांचे अवशेष, ते लिहिलं नव्हतं.

पाठोपाठ रेवदंड्याहून रूबेनच्या आईचं, मिल्काबाईंचं, कार्ड आलं. ‘मी घर बंद करून कुठं जात नाही, म्हणून साहेबांना इथंच यायला सांगितलं आहे. आपणही यावं. जे असेल ते दोघींनी बरोबर ऐकावं, अशी इच्छा आहे.’

ते कार्ड आल्यापासून आई देवासमोर जास्त वेळ बसायला लागली होती. एकदा तिथूनच मला म्हणाली, “वैजू, मागायचं काय तेच सुचत नाही गं. एकाचाच देह मिळू दे म्हणू, की दोघांचे मिळू देत म्हणू?”

आता स्टँडवर मी तिच्या शेजारी बाकावर बसले. आम्हाला घेऊन आलेली एसटी वळून परत गेली.

तेवढ्यात समोरच्या रस्त्यानं एक बाई येताना दिसल्या. उंच, वाळक्या, पांढरं सुती पातळ, उन्हासाठी उघडलेली काळी छत्री. चाल भराभर होती. त्यांनी स्टँडवर इकडं तिकडं पाहिलं आणि सरळ आमच्यापाशी आल्या.

“डफळेबाई ना?”

आई उभी राहिली. पिशवी पोटाशी धरलेली.

“साडेअकराची गाडी येऊन गेली आणि तुम्ही आला नाहीत, तेव्हाच मला वाटलं,” मिल्काबाई म्हणाल्या. काय वाटलं, ते त्यांनी सांगितलं नाही. आईच्या हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली. “चला. उन्हात बसायला काय झालंय? साहेबांची जीप नागावजवळ पंक्चर झालीय, पोस्टात फोन आला होता. यायला तास तरी जाईल.”

पिशवी गेल्यामुळं आईला मागं जावंच लागलं.

त्यांचं घर सुपारीच्या वाडीत होतं. कौलारू, लांबट, पुढं पडवी. पडवीच्या कडेला एक लाकडी तेलघाणा होता, त्याच्यावर आता वाळत घातलेले नारळ होते. दाराच्या चौकटीला उजव्या बाजूला एक छोटी नळी तिरकी बसवली होती, आत त्यांच्या धर्मग्रंथातल्या ओळींचा कागद असलेली. मिल्काबाईंनी आत शिरताना तिला बोटं लावून ओठांना टेकवली. आत भिंतीवर त्यांच्या वारलेल्या यजमानांचा फोटो होता. आणि कपाटावर गणवेशातला रूबेन, गोल चेहऱ्याचा, हसू दाबून धरलेला.

आई त्या फोटोकडे पाहत उभी राहिली. तिनं त्याला पहिल्यांदाच पाहिलं होतं.

“बसा ना,” मिल्काबाई म्हणाल्या. त्यांनी कोकमचं सरबत दिलं. आईनं पेला हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला.

थोडा वेळ वाडीबद्दल, प्रवासाबद्दल बोलणं झालं. मुख्यतः मीच बोलत होते. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन इस्राएलला गेल्या होत्या. दर पत्रात बोलावत होत्या.

“जात का नाही?” मी विचारलं.

“कशी जाऊ? इथं कुणी आलं तर?” त्या म्हणाल्या, आणि लगेच उठून सुपाऱ्यांचं सूप उगाचच एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवलं.

वाडीतून रहाटाचा आवाज येत होता. मला वाटलं, आता साहेब येईपर्यंत असंच बसायचं. पण आईनं पेला खाली ठेवला.

“मिल्काबाई, साहेब यायच्या आत मला बोलायचंय,” ती म्हणाली. “ते आल्यावर काय ऐकायला मिळेल, मला ठाऊक नाही. पण नंतर बोलले तर ते खरं राहणार नाही. म्हणून आधी सांगते.”

“आई, नको,” मी म्हटलं.

“गप्प बस तू.” ती थांबली नाही. “माझ्या मुलाला खुर्ची होती आणि तुमच्या मुलाला नव्हती. माझ्या मुलानं तुमच्याला टाकून उडी मारली असेल, तर मी त्याची आई आहे. पदर पसरते तुमच्यापुढं. सोळा वर्षं तो जिता असावा असं रोज मागते मी, आणि रोज मनात येतं, तो जिता असेल तर रूबेनला आत ठेवूनच. हे मागताना मला लाज वाटते. पण मागणं सुटत नाही.”

तिनं खरंच पदर पुढं धरला होता. मला तिच्याकडे बघवेना.

मिल्काबाईंचा चेहरा एकदम उतरला. त्या रागावल्या आहेत असं मला वाटलं. त्या उठून आतल्या खोलीत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक निळं पत्र होतं, घड्यांवर फाटून पुन्हा चिकटवलेलं.

“बाळ, वाच हे. मोठ्यानं वाच,” त्या मला म्हणाल्या.

रूबेनचं अक्षर बारीक आणि सरळ होतं. मी वाचलं:

‘प्रिय आईस शालोम. तुझा डबा मिळाला. अर्धा श्रीरंगनं खाल्ला, बाकीच्यांना मी वास दिला. एक गंमत सांगतो. परवा जमिनीवरच विमानाच्या दारातून बाहेर पडायचा सराव होता. पाठीवर पॅराशूट आणि पुढं तुझ्या हातचं खाऊन झालेलं पोट. मी मध्येच अडकलो. दोघांनी ओढून काढलं. सगळे हसले, श्रीरंग मात्र हसला नाही. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, “तू बाहेर पडल्याशिवाय मी मूठ ओढणार नाही, एवढं लक्षात ठेव. मग कितीही वेळ लागू दे.” मी म्हटलं, वेळ लागणार नाही, उद्यापासून भात कमी. तेव्हा कुठं हसला. तर आई, पुढच्या डब्यात करंज्या कमी घाल...’

मी पत्राची घडी घातली.

“नोव्हेंबरातलं आहे,” मिल्काबाई म्हणाल्या. “त्यानंतर चार दिवसांची रजा काढून आला होता. आणि मी काय केलं? चारही दिवस खाऊ घातलं. कोणती आई मुलाला म्हणेल, कमी जेव?”

आई त्यांच्याकडे पाहतच राहिली.

“तुम्ही म्हणता, तुमच्या मुलानं टाकलं असेल,” मिल्काबाई म्हणाल्या. “माझ्या डोळ्यांपुढं सोळा वर्षं दुसरंच आहे. माझा त्या दारात अडकलाय, आणि तुमचा त्याच्यासाठी थांबलाय. हात मुठीवर आहे, पण ओढत नाही. तुमचा वाचला असता हो. त्याला खुर्ची होती. माझ्या पोरापायी गेला तो.”

“अहो, काय बोलता हे!”

“म्हणून तर तुम्हाला बोलावलं. माझ्या मुलामुळं झालं असेल, तर ते तुमच्या पाठीमागं ऐकून घेणं मला बरं वाटेना. तुमच्यासमोरच ऐकायचं, असं मी ठरवलं होतं.”

आईच्या हातातून पदर सुटला. “पण तुमच्या मालकांनी पुण्याला विचारलं होतं, ‘आणि माझ्या मुलाला?’ म्हणून. आमचे हे त्या दिवसापासून...”

“विचारलं, आणि घरी येऊन माझ्यापाशी रडले. म्हणाले, डफळे मास्तरांचा चेहरा बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ते तुम्हाला पत्र लिहायला बसायचे. मीच लिहू दिलं नाही. हे पत्र तोवर मी त्यांना दाखवलं होतं. म्हटलं, कोणत्या तोंडानं लिहिणार?”

“अगं बाई,” आई म्हणाली. दोन्ही हात तोंडावर घेऊन ती पुन्हा म्हणाली, “अगं बाई.”

बाहेर जीप थांबली.

विंग कमांडर हुक्केरी बेळगावकडचे होते. वय चाळिशीच्या आत, चपळ अंगाचे, हातात कागदांची चामडी पिशवी. टायर बदलताना हाताला लागलेलं काळं वंगण तसंच होतं. मिल्काबाईंनी आधी त्यांना रहाटावर हात धुवायला पाठवलं. ते येऊन पडवीत खुर्चीवर बसले तेव्हा आई आणि मिल्काबाई एकाच बाकावर बसल्या होत्या. एकमेकींजवळ कधी सरकल्या, ते माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

“मी लांबण लावत नाही बाई,” हुक्केरी म्हणाले. “आधी मुख्य सांगतो. दोघंही विमानातच मिळाले.”

आईनं डोळे मिटले. मिल्काबाईंनी तिचा हात धरला.

हुक्केरी थांबले. घाईनं पुढं बोलायचं नाही, एवढं त्यांना कळत होतं.

“म्हणजे माझा श्रीरंग नाही,” आई शेवटी म्हणाली. ते विचारणं नव्हतं.

“नाही, बाई.”

“आणि त्याची खुर्ची?”

“जागच्या जागी आहे. मूठ ओढलेलीच नाही. मी स्वतः जाऊन बघितलं की. कुणाच्या ऐकण्यावर सांगत नाही.”

मिल्काबाईंचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढं वाकावं लागलं. “आणि दार? माझा मुलगा दारात...”

“दार उघडं होतं,” हुक्केरी म्हणाले. “उडी मारायच्या आधी तो दरवाजा विमानापासून सुटा करून टाकावा लागतो. तो सुटा केलेला होता. वाट मोकळी होती. पण तुमचा मुलगा दारात नव्हता, बाई. तो पायलटच्या खुर्चीला टेकून होता.”

“तिथं काय करत होता?”

हुक्केरींनी पिशवीतून एक कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं विमानाच्या पुढच्या भागाचं चित्र काढलं होतं, दोन माणसांच्या जागी दोन फुल्या. त्यांनी तो दोघींच्या मध्ये बाकावर ठेवला.

“मार उजव्या बाजूनं आत आला होता. श्रीरंगच्या मांडीचं हाड तिथंच मोडलेलं आहे. त्या मांडीवर, वरच्या अंगाला, एक जाड पट्टा आवळून बांधलेला मिळाला. रक्त थांबवायला बांधतात तसा. रण खारट आहे, नायलॉन कुजलं नाही. गाठ अजून तशीच होती. तो पट्टा रूबेनच्या पॅराशूटचा आहे. चाकूनं कापलेला.”

मला लगेच समजलं नाही. आईलाही नाही. मिल्काबाईंना समजलं. “म्हणजे त्याचं पॅराशूट...”

“निकामी झालं. ते कापल्यावर त्याला उडी मारता येणार नव्हती.”

“आणि तो उडी मारू शकत नाही म्हटल्यावर,” आई हळूहळू म्हणाली, “माझा मूठ ओढणार नव्हता.”

“नाही ओढली त्यानं,” हुक्केरी म्हणाले. “हात चांगले होते दोन्ही. ओढता आली असती. पण बाई, एक सांगतो. मी विमान चालवतो म्हणून सांगतो. ते दोघं मरायला थांबले नव्हते. विमान उडत होतं. एक इंजिन चालू होतं. रक्त थांबलं असतं, आणि अजून वीस मिनिटं मिळाली असती, तर घरी पोचले असते. ते जमेना तेव्हा श्रीरंगनं रणात उतरवलं. पोटावर, अगदी सरळ. पंख मोडला नाही, शेपूट मोडलं नाही. इतकं चांगलं उतरवलंय की मी बघत राहिलो. वरून ती जमीन सपाट, टणक दिसते. वर मिठाचा थर, खाली चिखल; विमान आत रुतत गेलं. ते त्याला कुठून कळणार?”

“लगेच गेले का हो?” मिल्काबाईंनी विचारलं.

“ते मला माहीत नाही. खोटं कसं सांगू?”

“नका सांगू.”

आणि मग आई रडली. वडील गेले तेव्हा मी तिला रडताना पाहिलं होतं, पण ते वेगळं होतं. आता ती मोठ्यानं, लहान मुलीसारखी, तोंड न झाकता रडत होती. मिल्काबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि त्यांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं. त्या मधूनच म्हणत होत्या, “अडकला नव्हता. नव्हता अडकला.” आई मान हलवत होती. “आणि तुमच्या मुलानं टाकलं नाही हो,” मिल्काबाई म्हणाल्या, आणि आईनं पुन्हा मान हलवली.

हुक्केरी उठून वाडीत गेले आणि एका पोफळीकडे तोंड करून उभे राहिले. मी माझ्यापुरती रडून घेतली. पण खरं सांगायचं तर छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं वाटत होतं. दादा गेला होता, सोळा वर्षांपूर्वीच गेला होता, आणि मला पहिल्यांदाच त्याच्याकडे मान वर करून बघता येत होतं.

थोड्या वेळानं हुक्केरी परत आले. त्यांचं एक काम राहिलं होतं आणि ते त्यांना अवघड जात होतं.

“अवशेष दोन पेट्यांत पाठवायचे आहेत,” ते म्हणाले. “श्रीरंग उंच, रूबेन ठेंगणा, त्यावरून डॉक्टरांनी बरंचसं वेगळं केलं. पण दोघं जवळजवळ होते, आणि सोळा वर्षं... काही लहान हाडं कुणाची ते सांगता येत नाही. नियमाप्रमाणं मी तुम्हाला विचारायला पाहिजे. ती कुठल्या पेटीत ठेवायची?”

मिल्काबाईंनी आईकडे पाहिलं. त्यांना काय अडलंय, ते मला दिसत होतं.

“आमच्यात जाळत नाहीत, डफळेबाई,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “मातीतच द्यावं लागतं. त्यात रूबेनचं काही असलं तर...”

“मग सगळी इकडंच ठेवा,” आई म्हणाली. विचार करायलाही ती थांबली नाही.

“पण त्यात श्रीरंगचंही असेल.”

“असू दे की. आमच्यातही लहान लेकरांना मातीतच ठेवतात. मला तो लहानच आहे.” तिनं डोळे पुसले. “मात्र तुमच्या लोकांना चालेल का? कुणी काही म्हणेल.”

“म्हणू दे. मी बघून घेईन,” मिल्काबाई म्हणाल्या. “आठ घरं उरलीत आमची या गावात. त्यातल्या सहा घरच्या कर्त्यांना मी ते लहान असताना अंघोळ घातलीय.”

हुक्केरी हसले, आणि मग आपण हसलो म्हणून ओशाळले. त्यांनी कागद पुढं केला. दोघींनी सह्या केल्या, आईनं मोडीच्या वळणाच्या अक्षरात, मिल्काबाईंनी त्यांच्या मोठ्या गोल अक्षरात. हुक्केरींना जेवायला थांबा म्हटलं, पण त्यांना संध्याकाळच्या आत पुण्याला परतायचं होतं. निघताना त्यांनी टोपी घातली आणि पडवीच्या खाली उभं राहून दोघींना कडक सलाम केला. दोघींना काय करावं कळेना. त्यांनी हात जोडले.

पुढच्या आठवड्यात पेट्या आल्या. रूबेनला रेवदंड्याच्या वाडीपलीकडच्या दफनभूमीत मातीत दिलं, तेव्हा आई तिथं होती. दादाला मिरजेला कृष्णेकाठी अग्नी दिला, तेव्हा मिल्काबाई आल्या होत्या. त्या पुढच्या वर्षी मुलींकडे इस्राएलला गेल्या. त्यांची पत्रं आईच्या शेवटच्या वर्षापर्यंत येत होती. आता आईही नाही, आणि मी स्वतः नोकरीतून निवृत्त होऊन किती वर्षं झाली ते मोजत नाही. पण त्या दिवसाचं आठवलं की मला जीप नाही आठवत, की कागदावरच्या फुल्याही नाहीत. आठवतं ते त्यानंतरचं जेवण.

दुपारचे अडीच वाजले असतील. मिल्काबाईंनी पाटावर बसवलं. नारळाच्या रसातलं बांगड्याचं कालवण, भात, तांदळाची भाकरी. मला वाटलं, आई जेवणार नाही. तिनं भाताचा पहिला घास घेतला आणि मग मासा पुढं ओढून, मिरजेच्या बाईला येणार नाही अशा सफाईनं, अंगठ्यानं दाबून मधला काटा एका झटक्यात उचलून बाजूला ठेवला.

मिल्काबाई वाढता वाढता थांबल्या. “हे कुठं शिकलात? घाटावरच्यांना हे येत नाही.”

“श्रीरंगनं शिकवलं,” आई म्हणाली. “शेवटच्या रजेत आला तेव्हा मुद्दाम बाजारात जाऊन मासे घेऊन आला होता. मला समोर बसवून दाखवलं. रूबेन असं करतो, रूबेन तसं करतो, सारखं चालायचं त्याचं. फार जीव होता त्याचा तुमच्या मुलावर. श्रीरंगला मासेही फार आवडायचे.”

मी ताटावरून मान वर केली.

आवडायचे. सोळा वर्षं आमच्या घरात दादाला काही आवडत ‘होतं’ असं कुणी म्हणालं नव्हतं. श्रीरंगला पुरणपोळी आवडते. श्रीरंग अंघोळीला कढत पाणी घेतो. श्रीरंगचा आवाज मोठा आहे. शेजारीपाजारी, नातेवाईक, कुणीही चुकून ‘होता’ म्हटलं तर आई उठून आत जायची. मीही शाळेत मुलींना दादाबद्दल सांगताना जपून ‘आहे’ म्हणायची.

आईच्या ते लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे. ती जेवत होती.

“रूबेनला काटे काढायचा कंटाळा यायचा,” मिल्काबाई म्हणाल्या. त्या पाटाच्या कडेला टेकून बसल्या. “आळशी होता. बारा वर्षांचा होईपर्यंत मीच काढून द्यायची.”

“मग माझ्या पोराला एवढा हुशार होऊन शिकवत होता तो?”

“तेच म्हणते मी!”

आई हसली. आधी नुसतं नाकातून, मग चांगलं मोठ्यानं. मिल्काबाईही हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी आईच्या पानात आणखी एक बांगडा वाढला, आणि आईनं नको म्हटलं नाही.